ऋण सोडताना: मनातला कडूपणा आणि ख्रिस्ती क्षमेची वाट

वडिलांना जाऊन दीड महिना झाला होता. थोरल्या भावाने मला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बोलावलं. "सातबाऱ्यावर नावं लावायची आहेत गं, तुझी नुसती सही लागते," म्हणाला. मी सही केली, अंगठा दिला, त्याने आग्रहाने चहा आणि क्रीमरोल खायला घातला आणि मी संध्याकाळच्या एसटीने परत आले. ते हक्कसोडपत्र होतं हे मला दोन वर्षांनी कळलं, जमीन विकली गेल्यावर. जमिनीचं दुःख होतंच, पण तो क्रीमरोल आठवला की अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमची दोघांची मंडळी, म्हणजे चर्च, एकच. तो पुढून तिसऱ्या बाकावर बसतो, मी खिडकीजवळ. पुढची सात वर्षं प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटतात त्या भाकरीचं, ताट माझ्यापर्यंत आलं की मी ते न घेता शेजारणीकडे सरकवत होते. मग एका रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे माझा आवाज बंद पडला. लहानपणापासून पाठ असलेली ओळ, पण मी ऋण सोडलेलं नव्हतं. मी ते व्याजासकट धरून बसले होते.

एक हक्कसोड माझ्याकडून फसवून घेतलं गेलं होतं. आता प्रभू दुसरं मागत होता. फरक एवढाच की तो सगळा कागद आधी वाचून दाखवतो आणि मगच सही मागतो. पुढचं सगळं या एकाच गोष्टीबद्दल आहे. कागद न वाचता केलेली क्षमा टिकत नाही. तो कागद कसा वाचायचा आणि सही कशी करायची, हे मला जसं कळलं तसं लिहिते आहे.

आधी कडूपणा ओळखा

राग आणि कडूपणा एक नव्हेत. राग येणं पाप आहे असं शास्त्र, म्हणजे बायबल, म्हणत नाही. इफिसकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की रागावा, पण पाप करू नका, आणि सूर्य मावळण्याआधी राग सोडून द्या. सूर्य मावळल्यावर जे उरतं आणि रात्रभर मुरतं तो कडूपणा. इब्री लोकांस पत्राच्या १२ व्या अध्यायात त्याला "मूळ" म्हटलं आहे. ते अंकुरतं, उपद्रव देतं आणि त्यामुळे पुष्कळ जण विटाळतात. मला आधी वाटायचं की माझा कडूपणा माझ्यापुरता आहे. मग एक दिवस माझी मुलगी मामाच्या मुलाशी शाळेत बोलली नाही. तिला मी तसं काहीच सांगितलं नव्हतं.

ओळखायच्या काही खुणा सांगते. त्या माणसाशी मनातल्या मनात भाषणं होतात, भांडी घासताना, रात्री अंथरुणावर, आणि त्या भाषणांत दरवेळी आपणच जिंकतो. त्याचं काही वाईट झाल्याचं कानावर आलं की आत कुठेतरी गार वाटतं. त्याचं बरं झालं की जेवण जात नाही. दुसऱ्याच विषयावर बोलत असताना गाडी फिरून तिथेच येते. सकाळी उठल्यावर जबडा दुखतो, कारण रात्रभर दात आवळलेले असतात. शास्त्रातली नामी नवरा आणि मुलगे गमावून मवाबाहून बेथलेहेमात परतली तेव्हा बायकांना म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. दुःखाला तिने आपलं नावच देऊन टाकलं होतं. आपण कोणालाही आपली ओळख करून देताना पहिल्या पाच मिनिटांत तीच हकीकत सांगत असू, तर आपलंही नाव बदललेलं आहे असं समजावं.

वही घ्या आणि हिशेब मांडा

बहुतेक प्रवचनांत ही पायरी गाळलेली असते. "झालं गेलं विसरून जा" असं म्हणतात आणि प्रार्थना करतात. पण प्रभूने ऋणाची भाषा वापरली आहे, आणि किती आहे हे ठाऊक नसलेलं ऋण सोडता येत नाही. दुकानदाराला उधारी माफ करायची असली तरी त्याला आधी खतावणीचं पान उघडावं लागतं.

एक साधी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका. चुकून कोणाला तरी जातं, मग घरात आग लागते. तीन-चार दिवस रोज अर्धा तास बसा आणि या प्रश्नांची उत्तरं लिहा. नेमकं काय घडलं? त्यात माझं काय काय गेलं? मला काय मिळायला हवं होतं? आणि त्यानंतर मी स्वतः काय केलं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना विशेषणं टाळा. "त्याने माझा विश्वासघात केला" हा निकाल झाला. "त्याने मला कागद वाचू दिला नाही आणि सातबाऱ्यासाठी सही आहे असं सांगितलं" ही घटना. घटना लिहिली की ती तेवढ्याच आकाराची राहते. निकाल मात्र रोज फुगत जातो.

दुसरं उत्तर सगळ्यात अवघड. पहिल्या रात्री मी लिहिलं, सव्वा एकर जमीन. दुसऱ्या रात्री लिहिलं, बांधावरचं चिंचेचं झाड, जे आईने लावलं होतं. तिसऱ्या रात्री बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि मग एकच शब्द लिहिला: "दादा". सात वर्षांत मी त्याला हाक मारली नव्हती, आणि माझं खरं काय गेलं होतं ते हे. जमिनीसाठी क्षमा करायला निघाले असते तर चुकीच्याच कर्जावर सही केली असती.

शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात स्वतःला झोडपायचं नाही. मी नातेवाइकांत त्याच्याविषयी जे बोलले त्यातलं काही खरं होतं आणि काही वाढवलेलं. वाढवलेलं तेवढं माझ्या खात्यावर लिहिलं. मात्र ज्यांच्यावर लहानपणी अत्याचार झाला, ज्यांना मारहाण झाली, त्यांनी हा चौथा प्रश्न सरळ सोडून द्यावा. जे घडलं त्यात तुमचा वाटा नाही. शोधायलाही जाऊ नका.

देवापुढे तक्रार करा, अगदी मोठ्याने

वही घेऊन देवापुढे बसा आणि वाचून दाखवा. सभ्य शब्दांची गरज नाही. स्तोत्र ५५ मध्ये दावीद म्हणतो की शत्रूने निंदा केली असती तर मी सोसलं असतं, पण तो तू होतास, माझा सोबती, ज्याच्यासोबत मी देवाच्या घरी जात असे. एकाच मंडळीत बसणाऱ्या माणसाने फसवलं असेल तर हे स्तोत्र मोठ्याने वाचून बघा. स्तोत्र १०९ तर शापांनी भरलेलं आहे. ती वचनं बायबलात कशाला असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. आता वाटतं, शाप बोलायची एक सुरक्षित जागा देवाने ठेवली आहे. ते तिथे बोलले की शेजारणीकडे बोलावे लागत नाहीत.

हे एकटीने झेपत नसेल तर एक माणूस निवडा, एकच. पाळकसाहेब, फादर, महिला मंडळातली एखादी वयस्कर बाई, पण ऐकलेलं पोटात ठेवणारी. कॅथलिक बंधुभगिनींना पापनिवेदनाचा संस्कार आहे, तिथे हे सगळं बोलता येतं आणि ते तिथेच राहतं. झोप आणि भूक अनेक आठवडे हरपली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही गाठा. सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास कमी पडत नाही.

आता दुसरी वही उघडा

मत्तयाच्या १८ व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तरादाखल प्रभू एका कर्जदाराची गोष्ट सांगतो. गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण तिच्यातले आकडे कोणी मांडून बघत नाही, म्हणून मांडते. एका चाकरावर राजाचं १०,००० तालांतांचं कर्ज होतं. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. आजच्या ५०० रुपये रोजाने धरली तर ३,००० कोटी रुपये. वर्षाला ३०० दिवस राबून ते फेडायला २ लाख वर्षं लागतील. आणि तो चाकर म्हणतो, "मला वागवून घ्या, मी सगळं फेडीन." राजाला त्याचा कळवळा येतो आणि तो सगळं सोडतो.

बाहेर पडल्यावर त्याला सोबतीचा चाकर भेटतो, ज्याच्याकडून १०० दिनार येणं आहे. त्याच रोजाने ५०,००० रुपये. हा तर त्याचा गळाच धरतो.

प्रवचनात बहुधा सांगतात की दुसरं कर्ज क्षुल्लक होतं. मला ते पटत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याला ५०,००० रुपये क्षुल्लक नसतात, ती तीन-चार महिन्यांची पोटाची बेगमी असते. ते येणं खोटं आहे असं प्रभूने कुठेही म्हटलेलं नाही. माझी सव्वा एकर खरीच गेली. प्रभू एवढंच करतो की माझ्या वहीशेजारी दुसरी वही उघडी ठेवतो, राजाकडची, माझ्या नावाची.

म्हणून तुमच्या वहीत समोरच्या कोऱ्या पानावर स्वतःला मिळालेल्या क्षमेची यादी लिहा. मोघम "माझी सर्व पापे" असं लिहू नका, नावानिशी लिहा. आईच्या शेवटच्या आजारपणात मी तीन आठवडे गेले नव्हते. कारण सांगितलं मुलीच्या परीक्षेचं, खरं कारण कंटाळा होता. ते पान लिहिताना माझा हात थरथरत होता. दोन्ही पानं समोरासमोर ठेवून मी बराच वेळ बसले, आणि भावाचा गळा धरलेली माझी बोटं सैल होताना मला पहिल्यांदा जाणवली.

सही

नव्या कराराच्या ग्रीकमध्ये क्षमा करण्यासाठी जो मुख्य शब्द आहे, "आफिएमी", त्याचा साधा अर्थ सोडून देणं. पेत्र आणि अंद्रिया जाळी सोडून येशूच्या मागे गेले, तिथेही मत्तयाने हेच क्रियापद वापरलं आहे. मराठी शास्त्रातला "ऋण सोडले" हा प्रयोग म्हणून अगदी चपखल आहे. हातातलं जाळं सोडताना ते जड लागत असतं, तरी सोडायला मन प्रसन्न असावं लागत नाही. बोटं उघडली की झालं. भावना नंतर येतात, कधी पुष्कळ नंतर.

दिवस ठरवा. शुभ शुक्रवार, उपवासकाळातला एखादा दिवस किंवा साधा मंगळवार. दार लावून गुडघ्यावर बसा आणि वहीतली एकेक ओळ वाचून म्हणा: "प्रभू, अमुकने माझं हे घेतलं. ते मला परत मिळायला हवं होतं. ते येणं मी येशूच्या नावाने सोडते. त्याचा हिशेब आता तुझ्याकडे." प्रत्येक ओळीला वेगळं म्हणायचं, सगळ्यांना मिळून एकदा नाही. शब्द फुटत नसतील तर वधस्तंभावरचा पहिला उद्गार उसना घ्या: "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." तिथे प्रभूनेही बापाला सांगितलं आहे. ज्या दिवशी "मी क्षमा करते" म्हणवत नाही, त्या दिवशी "बापा, तू कर" एवढं म्हणता येतं.

मग खाली तारीख घाला आणि सही करा. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात त्याचा दास ओनेसिम याच्याविषयी पौलाने म्हटलं आहे की त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. माझ्या सहीच्या वर मी तेच लिहिलं, "ख्रिस्ताच्या हिशेबी". वही जाळायची की ठेवायची हे ज्याचं त्याने ठरवावं. मी पान ठेवलं, कारण मला तारीख लागणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी

दुसऱ्या दिवशी सकाळी राग परत आलेला असतो. तो आला म्हणजे क्षमा खोटी होती असं समजून अनेक जण इथे नाद सोडतात. पेत्राला मिळालेलं उत्तर आठवा: साताच्या सत्तर वेळा. उत्पत्तीच्या ४ थ्या अध्यायात काइनाचा वंशज लामेख बढाई मारतो की काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट. त्याचे सूडाचे आकडे प्रभूने घेतले आणि क्षमेला लावले. माणूस नवनवे अपराध करतो म्हणून तेवढ्या वेळा, हे तर आहेच. पण एकच अपराध तेवढ्या वेळा आठवतो, त्यासाठीही ते लागतात.

आठवण आली की वाद घालायचा नाही. "हे ऋण मी अमुक तारखेला सोडलं आहे" एवढं म्हणायचं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचं. सुरुवातीला मला दिवसातून वीस-वीस वेळा म्हणावं लागे.

सोबत दोन सवयी लावून घ्या. पहिली, त्या माणसासाठी रोज एक छोटी, ठरावीक मागणी. "त्याला आशीर्वाद दे" हे माझ्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून मी "त्याचा गुडघा दुखतो, तो बरा कर" इथून सुरुवात केली. दुसरी, हकीकत सांगणं थांबवा. नीतिसूत्रांच्या १७ व्या अध्यायात म्हटलं आहे की अपराध झाकणारा प्रेम वाढवतो आणि गोष्ट उगाळत राहणारा मित्रांत फूट पाडतो. लग्नाकार्यात कोणी मुद्दाम विषय काढला की मी "ते मिटलं माझ्याकडून" म्हणते आणि पानावरचं वाढायला उठते.

क्षमा आणि समेट वेगळे

इथे आपल्या मंडळ्यांत फार मोठी गफलत होते आणि तिच्यापायी बायकांचे, मुलांचे जीव पोळले आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते. क्षमा एकट्याने करता येते. समेटाला दोघं लागतात आणि त्यासाठी समोरच्याचा पश्चात्ताप लागतो. मार्काच्या ११ व्या अध्यायात प्रभू म्हणतो, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा मनात काही असल्यास क्षमा करा. तिथे समोरचा हजरही नाही. लूकच्या १७ व्या अध्यायात मात्र आधी दोष दाखव, त्याने पश्चात्ताप केल्यास क्षमा कर, असा क्रम आहे.

योसेफाकडे बघा. भावांनी चांदीच्या २० नाण्यांना विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. मिसरात ते धान्य मागायला आले तेव्हा त्याने लगेच मिठी मारली नाही. बाजूला जाऊन रडला, पण त्यांना पारखलं. धाकट्या बन्यामिनाला ते आपल्यासारखंच टाकून देतात का, हे पाहिलं. बन्यामिनाच्या जागी मला गुलाम ठेवा असं त्या भावांतला यहूदा म्हणाला, तेव्हा मग योसेफाने ओळख दिली. त्यानंतर त्यांचा बाप याकोब मिसरात १७ वर्षं जगला, आणि तो वारल्यावर भाऊ पुन्हा भ्याले की आता हा सूड घेईल. क्षमा मिळून १७ वर्षं झाली तरी त्यांचा विश्वास बसला नव्हता. समेट इतका सावकाश असतो.

तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल लिहितो की आलेक्सांद्र तांबटाने माझं फार वाईट केलं, तूही त्याच्यापासून जपून राहा. आणि लगेच पुढे, संकटात जे मला सोडून गेले त्यांच्याकडे त्याचा हिशेब मागितला न जावो. सावधपणा आणि क्षमा एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी आहेत. माझ्या भावाने उद्या उसने पैसे मागितले तर मी शक्य ते देईन, पण कागद करून.

कायद्याचंही तसंच. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावी ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे फिलिप व तिमथी हे दोन लहान मुलगे गाडीत झोपलेले असताना जमावाने गाडी पेटवली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि त्या बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांच्या सेवेत पुढे काही वर्षं राहिल्या. खटला त्याच्या वाटेने चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमेने न्यायालय अडवलं नाही, आणि न्यायालयाने क्षमा खोटी पाडली नाही. मध्य प्रदेशात १९९५ मध्ये कॅथलिक नन सिस्टर राणी मारिया यांचा बसमध्ये भोसकून खून झाला. त्यांच्या सख्ख्या बहिणीने पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. तो तेव्हा शिक्षाच भोगत होता.

म्हणून घरात मारहाण होत असेल तर "क्षमा कर आणि नांदायला जा" हा सल्ला शास्त्राचा नाही, तो कोणीही दिला तरी. आधी सुरक्षित ठिकाणी जा. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार तर मंडळीत मिटवता येतच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. क्षमेचं काम तुरुंगाबाहेरून, दूर राहून, कितीही वर्षं चालू शकतं. त्या माणसाला ते कळवण्याचीही गरज नाही. वारलेल्या माणसाच्या बाबतीतही असंच. कबरीवर जावंसं वाटलं तर जा, नाहीतर वही पुरे.

जायचंच असेल तर

जिथे धोका नाही आणि नातं हवं आहे, तिथे मत्तय १८:१५ ची रीत धरा: आधी एकट्याने, एकांतात. लग्नाच्या मांडवात नाही, उपासना सुटल्यावर दारात नाही. आपल्या बाजूची चूक असेल तर तिने सुरुवात करा, आणि "पण" न लावता. मग घटना एका वाक्यात सांगा. मग काय हवं आहे ते. मी तीन वाक्यं लिहून काढली आहेत: "मी नातेवाइकांत तुझ्याविषयी वाढवून बोलले, मला माफ कर. त्या दिवशी तू मला कागद वाचू दिला नाहीस, त्याचं मला फार लागलं. ते मी सोडलंय, पण आपण एकदा त्यावर बोलावं असं मला वाटतं." तो चिडला तर तिथेच थांबायचं. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. "तुमच्याकडून होईल तितकं" हे शब्द पौलाने मुद्दाम घातले आहेत असं मला वाटतं.

मी आता प्रभुभोजन घेते. भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून दर गुरुवारी वहिनीकडे डबा नेते. तो अंगणात खुर्ची टाकून बसलेला असतो. कांद्याचे भाव, पाऊस, माझ्या मुलीची नोकरी एवढंच बोलतो आम्ही. गेल्या गुरुवारी निघताना मी फाटकातून "येते रे दादा" म्हणाले. जमिनीचा विषय अजून निघालेला नाही. तीन वाक्यांचा तो कागद माझ्या पर्समध्ये आहे.